कुंजालीचा कोट आणि सामुरीचा कौल

मलबारच्या किनाऱ्यावर, कोझिकोडच्या (म्हणजे जुन्या कालिकतच्या) उत्तरेस, वडकऱ्याजवळ कोट्टक्कल नावाचे गाव आहे. आयुर्वेदिक औषधांमुळे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेले कोट्टक्कल ते हे नव्हे. इथे नदी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी सोळाव्या शतकाच्या अखेरीस एक तटबंदीचे शहर उभे होते. बाजारपेठ, मशीद, गलबतांचा तळ, सारे काही तटाच्या आत. हा कुंजाली मरक्कारांचा कोट. मार्च १६०० मध्ये तो पडला. कसा पडला, ही हकीकत मराठी वाचकांपुढे फारशी आलेली नाही, म्हणून हा प्रपंच.

मरक्कार हे मूळचे व्यापारी. तांदूळ आणि मिरी यांची ने-आण करणारे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला आणि थोड्याच वर्षांत फिरंग्यांनी समुद्रावर परवान्याची सक्ती केली. त्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. तो नसेल ते जहाज लुटायचे, जाळायचे. १५०२ साली हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज खुद्द गामाने माणसांसकट जाळले. ज्या समुद्रावर शेकडो वर्षे अरब, गुजराती, मोपला, चिनी बिनपरवाना फिरले, तिथे आता दूरदेशचा पाहुणा जकातदार होऊन बसला!

मग व्यापाऱ्याचा लढवय्या झाला. 'कुंजाली' हा किताब कालिकतच्या हिंदू राजाने, म्हणजे सामुरीने दिलेला. (फिरंगी त्याला झामोरिन म्हणत.) एकामागून एक चार पुरुषांनी हा किताब धारण केला. फिरंग्यांची जहाजे उंच, तोफांनी भरलेली. उघड्या समुद्रात त्यांच्याशी गाठ घेणे म्हणजे मरण. कुंजालींच्या होड्या हलक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की मोठे जहाज जागीच खिळते. तेवढ्यात खाडीतून दहा-वीस होड्या सुटायच्या, घाव घालून पुन्हा उथळ पाण्यात शिरायच्या. वाळूच्या दांड्यावरून मोठ्या जहाजाला मागे येता येत नसे. आपल्या कोकणातल्या तांडेलाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या मैत्रीचा सर्वांत मोठा दिवस १५७१ सालचा. कालिकतच्या दक्षिणेस चालियम इथे फिरंग्यांनी १५३१ साली किल्ला बांधला होता. सामुरीचे नायर जमिनीवरून आणि मरक्कार पाण्यातून असा वेढा पडला. आतली रसद संपली, किल्ला पडला आणि सामुरीने तो पायासकट उखडला. या विजयावर कालिकतच्या काझी मुहम्मद यांनी अरबी काव्य रचले, 'फत्हुल मुबीन'. काव्य अरबीत, कवी काझी आणि स्तुती हिंदू राजाची! पोन्नानीचे शेख जैनुद्दीन यांनीही 'तुहफतुल मुजाहिदीन' या ग्रंथात सामुरीचे गुण गायिले आहेत. तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला आहे विजापूरच्या अली आदिलशहाला.

मग बिनसले कुठे? १५८४ च्या सुमारास सामुरीने फिरंग्यांशी तह करून त्यांना पोन्नानीला जागा दिली. राजाला व्यापार हवा होता, रोजची लढाई परवडत नव्हती. मरक्कारांना हा घातच वाटला. त्यांनी आपला कोट अधिक मजबूत केला. चौथा कुंजाली मुहम्मद १५९५ च्या सुमारास गादीवर आला आणि स्वतःला मलबारच्या मुसलमानांचा राजा म्हणवू लागला, सामुरीच्या हत्तीचे शेपूटही त्याने कापले, असे फिरंगी लेखक सांगतात. शत्रूचे लिखाण आहे, गाळूनच घ्यावे. पण चाकराने स्वतंत्र कोट बांधून बसावे, हे कोणत्या राजाला रुचेल? कुंजालीचा ताठा आणि सामुरीचा संशय, या दोन्ही गोष्टी आम्हाला खऱ्या वाटतात.

गोव्याचा व्हाइसरॉय तेव्हा फ्रान्सिस्को द गामा होता, वास्कोचाच पणतू. त्याने ही फट हेरली. १५९९ मध्ये त्याचा भाऊ लुईस आरमार घेऊन आला. एका रात्री पाण्यातून आणि जमिनीवरून एकदम हल्ला करायचे ठरले. पण आगीच्या इशाऱ्याची वेळ चुकली, तुकड्या एकमेकींना सापडल्या नाहीत. हल्ल्याचा म्होरक्या लुईस द सिल्वा पडला, कित्येक जण नदीत बुडाले. गोव्याची अब्रू गेली.

दुसऱ्या खेपेस आंद्रे फुर्तादो द मेंदोन्सा आला. त्याने घाई केली नाही. नदीचे मुख आरमाराने बंद केले, जमिनीकडून सामुरीचे हजारो नायर बसले. मलबारला तांदूळ नेहमी कानडा किनाऱ्यावरून येई. ती वाट समुद्राची, म्हणजे बंदच. चालियमला जी युक्ती फिरंग्यांवर चालली, तीच आता कुंजालीवर उलटली. नुसत्या आरमाराने हा कोट कधी पडला नसता, कारण त्याची पाठ जमिनीकडे होती आणि ती पाठ सामुरीची होती.

२०२१ साली मोहनलालचा चित्रपट आला तेव्हा हे नाव आमच्या वर्गातल्या मुलांपर्यंत पोचले. आठवीतल्या एकाने विचारले, "सर, सामुरी अपनी तरफ था या उनकी तरफ?" आम्ही फळ्यावर १५७१ आणि १६०० हे दोन आकडे लिहिले आणि त्यालाच विचारले, कोणत्या सालचा सामुरी? 'अपनी तरफ' हा शब्द धर्मावरून ठरवायचा म्हटले, तर दोन्हींपैकी एकही साल समजत नाही.

कुंजालीने शरणागती पत्करली ती फिरंग्यांपुढे नव्हे, सामुरीपुढे. जिवाला धक्का लागणार नाही, असा कौल सामुरीने दिला होता. डोक्याला काळे फडके, तलवारीचे टोक खाली, अशा स्थितीत तो बाहेर आला आणि तलवार त्याने आपल्या राजाच्या हाती दिली. फुर्तादोने तिथेच त्याला धरले. हे पाहून नायर खवळले, दंगल होते की काय अशी वेळ आली. राजाचा कौल मोडला गेला होता ना! पण कैदी जहाजावर चढवले गेले. कोट जमीनदोस्त झाला.

गोव्यात कुंजालीचा शिरच्छेद झाला. धडाचे तुकडे पणजी आणि बार्देशच्या किनाऱ्यावर टांगले. शिर मिठात घालून कन्नूरला पाठवले, तिथल्या मुसलमानांना पाहता यावे म्हणून. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या एका तळाला पुढे कुंजालीचे नाव दिले गेले, २००० साली टपाल तिकीटही निघाले.

सामुरीच्या पदरात काय पडले? १६०४ च्या नोव्हेंबरात त्याने डच सेनापती व्हान डर हागेन याच्याशी करार केला. कलम होते फिरंग्यांना हिंदुस्थानातून हाकलण्याचे. त्यासाठी आता जहाजे डचांचीच लागणार होती.