डिझेलचा धूर: संशयापासून पुराव्यापर्यंतचा लांबचा प्रवास

सिग्नलला तुमच्या पुढे एखादा जुना ट्रक उभा असतो. हिरवा दिवा लागतो, ट्रक जोर लावतो आणि काळ्या धुराचा लोट तुमच्या तोंडावर येतो. तुम्ही ओढणी किंवा रुमाल नाकाला लावता आणि श्वास रोखता. हा धूर चांगला नाही हे सांगायला कुणा डॉक्टरची गरज लागत नाही. पण "चांगला नाही" म्हणणे वेगळे आणि "यामुळे कर्करोग होतो" असे छातीठोकपणे सांगणे वेगळे. डिझेल इंजिन पहिल्यांदा चालले 1893 साली आणि त्याचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक पातळीवर निश्चित झाले 2012 साली. मध्ये तब्बल 119 वर्षे गेली!

एवढा उशीर का झाला, हे समजून घेणे तुमच्यासाठीही उपयोगाचे आहे. "अमुक गोष्टीने कर्करोग होतो" असा संदेश मोबाईलवर रोज येतो. खरा पुरावा कसा गोळा होतो ते या इतिहासातून दिसते.

शेंगदाण्याच्या तेलावर चाललेले इंजिन

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 1858 साली पॅरिसमध्ये एका जर्मन कुटुंबात झाला. त्या काळातली वाफेची इंजिने कोळशातली जेमतेम दहा टक्के ऊर्जा कामी लावत आणि बाकीची वाया जाई. ही उधळपट्टी थांबवायची या ध्यासाने त्यांनी नवे इंजिन रचले.

त्यामागची कल्पना सोपी आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, कारण हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी लागत नाही. 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथील चाचणीत या इंजिनाने सुमारे 26 टक्के ऊर्जा कामी लावून दाखवली. त्या काळी ही थक्क करणारी गोष्ट होती.

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात अशा पद्धतीचे एक छोटे इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. वनस्पती तेलांना पुढे महत्त्व येईल, असे मत डिझेल यांनी 1912 मध्ये मांडले होते. पुढच्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री, इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात सापडला. तो अपघात होता की आत्महत्या, हे आजही ठरलेले नाही.

त्यांचे नाव मात्र खनिज तेलापासून निघणाऱ्या इंधनाला कायमचे चिकटले. जहाजे, ट्रक, रेल्वे इंजिने, ट्रॅक्टर, शेतातले पंप, इमारतींचे जनरेटर या सगळ्यांत डिझेल आले. कमी इंधनात जास्त ओढ आणि दणकटपणा, या गुणांमुळे त्याच्या धुराकडे फारसे कुणी पाहिले नाही.

धुरात असते तरी काय?

डिझेल आणि हवा आत नीट मिसळण्याआधीच इंधन पेटते. जिथे हवा कमी पडते तिथे इंधन अर्धवट जळते आणि काजळी तयार होते. या काजळीचे बहुतेक कण एक मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे हे कण किती बारीक याची कल्पना करा. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट द्रव धुळीचे मोठे कण अडवतात. हे कण मात्र थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

शिवाय काजळीचा कण एकटा जात नाही. त्याच्या पृष्ठभागावर बेन्झोपायरीनसारखी, डीएनएला इजा करणारी रसायने चिकटलेली असतात. सोबत नायट्रोजनचे ऑक्साइड वायू असतात, जे श्वासनलिकांना सूज आणतात. इंधनात गंधक असेल तर त्याचेही वायू आणि कण तयार होतात.

पहिला संशय: उंदीर आणि रेल्वे कामगार

1955 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डिझेलच्या काजळीचा अर्क उंदरांच्या त्वचेवर लावला आणि तिथे गाठी झाल्या. संशय पक्का करणारा हा प्रयोग होता. पण उंदराची त्वचा म्हणजे माणसाचे फुफ्फुस नव्हे. लंडनच्या बस-कामगारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगात ठळक वाढ दिसली नाही. काहींना हायसे वाटले.

इथे एक मोठी अडचण होती, ती म्हणजे सिगारेट. ट्रकचालक, खाणकामगार, मेकॅनिक यांच्यात धूम्रपान करणारे पुष्कळ. मग कर्करोग झाला तर दोष डिझेलचा की सिगारेटचा? दुसरी अडचण काळाची. फुफ्फुसाचा कर्करोग व्हायला वीस-वीस, तीस-तीस वर्षे लागतात. अमेरिकी रेल्वेत वाफेची इंजिने जाऊन डिझेल आले ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामुळे परिणाम दिसायला 1980 चे दशक उजाडावे लागले. तेव्हा सुमारे 55 हजार रेल्वे कामगारांच्या नोंदींतून, सर्वांत जास्त वर्षे डिझेलच्या धुरात काढलेल्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग सुमारे 40 टक्क्यांनी जास्त आढळला. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला "बहुधा कर्करोगकारक" ठरवले.

"बहुधा" या एका शब्दावर पुढची चोवीस वर्षे वाद चालला.

खाणीतून वर आलेले उत्तर

हा वाद मिटवायला अमेरिकेतल्या दोन सरकारी संशोधन संस्थांनी एक वेगळी जागा निवडली. मीठ, पोटॅश, चुनखडी अशा आठ अधातू खाणी. या खाणींत डिझेल यंत्रे जमिनीखाली, बंदिस्त जागेत चालत, त्यामुळे धूर भरपूर असे. आणि फुफ्फुसाला घातक असे इतर पदार्थ, म्हणजे किरणोत्सारी रेडॉन वायू, सिलिकाची धूळ, ॲस्बेस्टॉस, तिथे फारसे नव्हते. म्हणजे दोष नेमका कुणाचा हे वेगळे काढणे शक्य होते.

12,315 कामगारांच्या नोंदी गोळा झाल्या. कोण कोणत्या कामावर किती वर्षे होता, तिथल्या हवेत किती काजळी होती, तो सिगारेट ओढत होता का, हे सगळे मांडले गेले. दरम्यान खाण उद्योगाच्या एका गटाने कोर्टात धाव घेतली. अहवाल आधी आम्हाला दाखवा, ही त्यांची मागणी होती. त्यात वर्षे गेली. शेवटी मार्च 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिगारेटचा परिणाम वजा केल्यावरही, सर्वाधिक धुरात काम केलेल्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका, सर्वांत कमी धुरात काम केलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होता.

12 जून 2012 रोजी डिझेलचा धूर "निश्चित कर्करोगकारक" या पहिल्या गटात गेला. याच गटात तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसही आहेत. पण गैरसमज नको. एकाच गटात असणे म्हणजे धोका सारखाच असणे नव्हे. पुरावा किती पक्का आहे एवढेच हा गट सांगतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आजही तंबाखूचे धूम्रपानच आहे.

कर्करोग दूरचा, दमा आणि हृदय जवळचे

कर्करोगाची चर्चा गाजते, पण तुमच्या-माझ्या रोजच्या आयुष्यात जास्त महत्त्वाचे आहेत ते दोन छोटे प्रयोग. दोन्ही 2007 साली प्रसिद्ध झाले.

पहिला लंडनचा. तिथल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खासगी गाड्यांना बंदी होती, फक्त डिझेलवर चालणाऱ्या बस आणि टॅक्सी धावत. दम्याच्या 60 रुग्णांना तिथे दोन तास चालायला लावले. दुसऱ्या खेपेस तेवढेच चालणे, पण हाइड पार्कच्या झाडीत. रस्त्यावर चालल्यानंतर फुंकरीची ताकद जास्तीत जास्त 6.1 टक्क्यांनी घटली, बागेत 1.9 टक्क्यांनी. माणसे तीच, चालणे तेच, बदलली होती फक्त हवा.

दुसरा एडिंबराच्या संशोधकांचा. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 20 पुरुषांनी एक तास विरळ केलेला डिझेलचा धूर श्वासात घेत अधूनमधून सायकल चालवली. दुसऱ्या खेपेस हेच स्वच्छ हवेत. धुरात असताना हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याच्या खुणा ईसीजीवर जास्त ठळक दिसल्या आणि गुठळी विरघळवण्याची शरीराची क्षमता कमी झाली.

लंडनमधल्याच नऊ वर्षांच्या एला अडू-किसी-डेब्रा या मुलीची गोष्ट तर चटका लावणारी आहे. तिचे घर एका गजबजलेल्या हमरस्त्याजवळ होते. दम्यामुळे तिला पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागे. फेब्रुवारी 2013 मध्ये ती गेली. आईने हार मानली नाही. डिसेंबर 2020 मध्ये फेरचौकशीनंतर, वायुप्रदूषण हेही तिच्या मृत्यूचे एक कारण असल्याची अधिकृत नोंद झाली. ब्रिटनमध्ये असे पहिल्यांदाच घडले.

भारतात काय झाले?

1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा एक टक्का होती, म्हणजे दहा लाख भागांत 10,000 भाग. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 1998 रोजी दिल्लीच्या सगळ्या बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. मुदत 31 मार्च 2001 ची होती. सीएनजीसाठी लांबच लांब रांगा लागल्या, बस कमी पडल्या, प्रवाशांचे हाल झाले. पण 2002 च्या अखेरीस बदल पूर्ण झाला.

त्याच वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वेगळी भूमिका घेतली. सरकारने इंधन ठरवू नये, धुराची मर्यादा ठरवावी. ती कशी पाळायची हे तंत्रज्ञानावर सोडावे. दोन्ही बाजूंना अर्थ होता. पुढे देशभर मर्यादा कडक होत गेल्या. 2017 मध्ये गंधक 50 भागांवर आणि 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा आल्यावर 10 भागांवर आले. गंधक कमी झाल्यामुळेच धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसवता येते. जास्त गंधकाने हे सारे शुद्धीकरण निकामी होते.

पण नियम कागदावर असून भागत नाही. 2015 मध्ये फोक्सवॅगन कंपनीने जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत चाचणी ओळखणारी प्रणाली बसवल्याचे उघड झाले. चाचणीत गाडी स्वच्छ, रस्त्यावर मात्र मर्यादेच्या कित्येक पट वायू! आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेनेही रस्त्यावर चाचण्या घेतल्या आणि कंपनीला भारतातल्या सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

मग पर्याय कोणता?

बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेलावर प्रक्रिया करून केलेले इंधन. त्याने काजळी कमी होते, पण नायट्रोजनचे ऑक्साइड थोडे वाढू शकतात. 2003 मध्ये मोगली एरंडाच्या बियांपासून देशभर बायोडिझेल करण्याची मोठी योजना आखली गेली, पण पडीक जमिनीत अपेक्षेएवढे बी आलेच नाही. सीएनजीत काजळी फारच कमी. विजेच्या बसला धुराडेच नाही, मात्र टायर आणि ब्रेकची धूळ उरतेच. थोडक्यात, अगदी निर्दोष असे काही नाही, पण जुन्या डिझेल इंजिनापेक्षा हे सगळे फुफ्फुसांना बरे.

तुम्ही काय कराल?

- रुमाल किंवा ओढणी हे बारीक कण अडवत नाही. जास्त धुरात जावेच लागले तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरा.
- दमा किंवा हृदयविकार असेल तर सकाळचे फिरणे हमरस्त्याऐवजी बागेत किंवा आतल्या रस्त्याने करा. नेहमीचा इनहेलर बंद करू नका.
- जनरेटर कधीही बंद खोलीत, जिन्याखाली किंवा खिडकीलगत चालवू नका. बंदिस्त जागेतला धूर काही मिनिटांत जीवघेणा ठरू शकतो.
- गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून काम करायचे असेल तर शटर पूर्ण उघडे ठेवा किंवा गाडी बाहेर काढा.
- थांबलेली गाडी बंद करा. शाळेच्या दारात तर नक्कीच.
- तुम्ही चालक, मेकॅनिक किंवा टोल नाक्यावर कामाला असाल तर डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, थुंकीतून रक्त, विनाकारण वजन घटणे ही लक्षणे अंगावर काढू नका.
- आणि धूम्रपान करत असाल तर आधी ते सोडा. धुरावर धूर नको.

खाणीतल्या त्या कामगारांपैकी अनेकांना उत्तर मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. आपल्याला ते आयते मिळाले आहे. त्याचा उपयोग करायचा की नाही, एवढेच आपल्या हातात आहे.