अलिबाग

अलिबाग : रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, अरबी समुद्राच्या काठावरचे शहर. लोकसंख्या सु. 20,700 (2011). नगरपालिका 1864 पासून. 1 जानेवारी 1981 रोजी नाव बदलेपर्यंत जिल्हा ‘कुलाबा’ या नावाने ओळखला जाई. ते नाव समोरच्या पाणकिल्ल्याकडे अजून आहे. शहराच्या नावाची दोन मुळे सांगतात. कोणी अली नावाच्या धनिक मुसलमानाच्या बागा आणि विहिरी सांगतात, तर कोणी या किनाऱ्यावर तेल गाळणाऱ्या बेने इस्रायली समाजातल्या अलीची नारळ-आंब्याची बाग. दोन्ही कथांत बाग आहे आणि गोडे पाणी गृहीत आहे, हे ध्यानात घ्यावे. अलिबागचा आजचा प्रश्नही तिथेच येऊन थांबतो.

वरचा लोकसंख्येचा आकडा पाहून अलिबाग वाढत नाही असे वाटेल. 2001 ते 2011 या दहा वर्षांत शहरात हजार-बाराशेच माणसे वाढली. पण वाढ पाहायची तर नगरपालिकेची हद्द ओलांडली पाहिजे. चेंढरे, वरसोली, कुरूळ, वेश्वी या लगतच्या ग्रामपंचायतींत इमारती उभ्या राहिल्या. उत्तरेला थळ, किहीम, आवास, सासवणे आणि दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल या गावांतल्या वाड्यांत बंगले आणि पाहुण्यांच्या खोल्या आल्या. शहर गावांत जाऊन वाढले. गटारे, कचरा आणि नळपाणी मात्र गावाच्या मापाचेच राहिले. उमटे धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या गावांत उन्हाळ्यात हंडे रांगेत लागतात. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे कोसळतो, तिथली ही स्थिती आहे. पाऊस चार महिन्यांत पडून समुद्राला मिळतो. किनाऱ्यालगतच्या वाडीतल्या विहिरीचे गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर. पूर्वी रहाटाने जेवढे निघे तेवढ्याने तो थर टिकत असे. बंगल्याचा तलाव भरायला पंप रात्रभर चालला की शेजारच्या विहिरीला मचूळ चव येते.

शहर वसवण्याचे श्रेय सरखेल (आरमारप्रमुख) कान्होजी आंग्रे यांचे. कुलाबा किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षी, 1680 मध्ये सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे बनला. 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून चढाई केली, ती फसली. कान्होजी 1729 मध्ये वारले. त्यांची समाधी भर शहरात आहे. आंग्र्यांची स्वतःची टांकसाळ होती आणि ‘अलिबागी रुपया’ चालत असे. वारस न राहिल्याने 1840 मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केले. किल्ल्यातले गणेश पंचायतन राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधले. चारही बाजूंनी समुद्र असूनही आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे.

किल्ल्यात ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येते. वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितके तास बारानंतर पूर्ण भरती. प्रतिपदेला पाऊण वाजता, अष्टमीला सहाला. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी दूर मागे सरते आणि खडकाळ तळ उघडा पडतो. अष्टमीच्या आगेमागे भांग असते, पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते. परतीची वेळ न पाहता आत रेंगाळणारे पाहुणे अडकतात. किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारूनच पाण्यात पाय घालावा.

शहरातली सर्वांत मोलाची संस्था, भूचुंबकीय वेधशाळा, पर्यटकांच्या यादीत सहसा नसते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होत्या. 1859 चे प्रचंड सौर वादळ तिथे नोंदले गेले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्या नोंदी बिघडणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. इमारतीला लोखंड वर्ज्य, दगडसुद्धा चुंबकीय गुण नसलेला, पोरबंदरहून आणलेला. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केले, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जोडता येईल. ही दूरदृष्टी थक्क करणारी आहे. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून तिची नोंद अखंड चालू आहे. शेजारी वाढणाऱ्या शहराचे लोखंड आणि वीज तिच्यापासून दूर ठेवणे हे नगररचनेचे पहिले काम असायला हवे.

तालुक्याच्या पूर्वेचा सखल पट्टा तो खारेपाट. इथली भातशेती खाडीला बांध घालून मिळवलेली आहे. बांधातल्या उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीचे आत येऊ द्यायचे नाही, हे तिचे सारे तंत्र. उधाणाने बांध फुटला की खारे पाणी शेतात पसरते आणि काही पावसाळे ते धुऊन काढेपर्यंत भात होत नाही. डागडुजी झाली नाही तर तिथे तिवरे उगवतात. दारच्या तळ्यांत जिताडा मासा वाढवायची रीत याच गावांतली. याच भागात चरी येथे 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचे थांबवले. सहा वर्षे शेते पड राहिली, माणसांनी लाकडे विकून, मजुरी करून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. राज्यातल्या कुळकायद्याची वाट या संपाने मोकळी केली. ज्या जमिनीवर नाव लागावे म्हणून हे सोसले, ती आज गुंठ्याच्या भावाने विकली जाते, याची खंत इथल्या जुन्या घरांतून ऐकू येते. ती रास्त आहे.

कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत भात काढल्यावर पांढरा कांदा लावतात. चवीला गोडसर, तिखटपणा कमी. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उपटलेला कांदा पातीसकट सुकवतात आणि बायका अंगणात बसून पातींची वेणी घालतात. गाठ सैल राहिली तर माळ टांगल्यावर कांदे गळतात, म्हणून प्रत्येक पेडाला ओढ देत जावे लागते. उन्हाळ्याच्या तोंडाला या माळा वडखळकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेने टांगलेल्या दिसतात.

येण्याजाण्याचे मार्ग वाढले तसा शहराभोवती दाब वाढला. मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला बोट तासाभरात पोहोचते, पुढे वीसेक किलोमीटर बस. ही सेवा पावसाळ्यात बंद असते. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीसह नेणारी रो-रो बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. येणाऱ्यांना एक सांगायला हवे : इथे पारा वऱ्हाडासारखा पंचेचाळिशीकडे जात नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि कूलर इथे निकामी ठरतो. मे महिन्यापेक्षा डिसेंबर-जानेवारी बरा.

भरतीरेषेलगत बांधकामावर 1991 पासून किनारा नियमनाचे निर्बंध आहेत. ते मोडून बांधलेला किहीमचा एक मोठा बंगला जिल्हा प्रशासनाने मार्च 2019 मध्ये स्फोटके लावून पाडला. त्याच किहीमच्या वाड्यांत 1930 मध्ये सालिम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता; एक नर अनेक घरटी विणतो आणि मादी पसंत पडलेल्या घरट्यात राहायला येते, हे त्यांनी तिथे पाहिले.

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वारा ताशी 100 किलोमीटरहून अधिक. पत्रे उडाले ते पुन्हा बसले. वाड्यांचे तसे नव्हते. आक्षी, नागाव, चौलमध्ये आजोबांनी लावलेल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि भरपाई झाडाच्या वयाकडे पाहत नाही. काहींनी मोकळी जागा विकली. बाकीच्यांनी त्याच पावसात नवी रोपे लावली. पोफळीला पहिले पीक यायला सहा-सात वर्षे लागतात, तोवर मधल्या जागेत केळी आणि अळू घेतात.