मंगल आणि रघु

नव्वदच्या दशकात डोंबिवली किंवा ठाणे स्टेशनबाहेरच्या कुठल्याही डीटीपी सेंटरमध्ये गेलं, की लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं मराठी तिथे टाइप होत असे. दिसायला ते मराठीच होतं. पण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच.

गंमत अशी होती. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ घरं असत, आणि ती मुळात इंग्रजी अक्षरांसाठी आखलेली. फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी त्या घरांत इंग्रजी अक्षराऐवजी मराठी अक्षराचं चित्र बसवलं. फाइलमध्ये साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह, आणि पडद्यावर दिसायचा 'क'. कुठल्या घरात काय बसवायचं हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. त्यामुळे श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर आकृतीत उघडला की नुसती भेळ. आयएससीआयआय नावाचं भारतीय मानक १९९१ साली आलेलं होतं, पण छपाईच्या धंद्यात चालली ती ही घरघुशी पद्धतच. काही पॅकेजांबरोबर संगणकाच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक यायचं. ते नसेल तर सॉफ्टवेअर चालायचं नाही.

म्हणजे लिहिलेलं तुमचं, पण वाचायची किल्ली कंपनीकडे.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरचं भांडण नेमकं याच किल्लीशी होतं. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यानं 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरायचं, आतून तपासायचं, बदलायचं आणि वाटायचं स्वातंत्र्य प्रत्येकाला हवं, असा त्याचा आग्रह. त्यासाठी त्यानं जीपीएल हा परवाना लिहिला: घ्या, बदला, पण पुढे देताना हेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्या. त्याच्या लेखी हा सोयीचा नव्हे, नीतीचा प्रश्न होता.

१९९८ च्या फेब्रुवारीत त्याच गोतावळ्यातल्या काहींनी वेगळी वाट धरली. नीतीचं प्रवचन ऐकलं की कंपन्या पळतात, तेव्हा 'फ्री' हा शब्दच नको, 'ओपन सोर्स' म्हणू आणि या पद्धतीनं सॉफ्टवेअर चांगलं बनतं एवढंच सांगू, असं त्यांचं म्हणणं. कोड तोच, परवानेही बहुतेक तेच. फरक होता तो कशासाठी हे करायचं, या उत्तरात.

हा वाद अमेरिकेत मेलवरून रंगला. आपल्याकडे तो कामातून दिसतो, आणि त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला र. कृ. जोशींचं वाटतं.

रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) हे कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार. जाहिरात क्षेत्रात काम केल्यावर त्यांनी पवईच्या आयआयटीत शिकवलं आणि नंतर जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम केलं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला, तो जोशींच्या हाताखाली घडलेला. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा आकडा आहे आणि तो जगभर तोच राहतो. घरघुशीचा प्रश्न तिथे मिटतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या बंदिस्त सॉफ्टवेअरच्या पोटात बसून 'मंगल' भारतभर पोचला. त्याच एनसीएसटीतून जोशींचाच 'रघु' हा युनिकोड फॉन्ट बाहेर पडला, तो जीपीएलखाली. घ्या, बदला, वाटा.

एकाच माणसाची ही दोन अक्षरं. 'मंगल' घरोघरी गेला पण त्याला कुणी हात लावू शकत नाही. 'रघु'ला कुणीही हात लावू शकतो, पण त्याचं नाव लिनक्सवाल्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. आदर्श आणि व्यवहार यांतलं अंतर मोजायला यापेक्षा चांगली पट्टी मला सापडलेली नाही.

२००१ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात तिरुवनंतपुरममध्ये झाली. तिचे एक प्रमुख कार्यकर्ते नागार्जुन जी. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात काम करत. केरळनं पुढच्या दशकात आपल्या सरकारी शाळांमधलं संगणकाचं शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं. महाराष्ट्रात त्याच सुमारास एमएस-सीआयटी आली. कल्याण-डोंबिवलीत गल्लोगल्ली तिचे क्लास निघाले, आणि तिथे शिकवलं जायचं ते मुख्यतः विंडोज आणि एमएस ऑफिस. यामागचा हिशेब साधा होता. चर्चगेट-फोर्टच्या ऑफिसात जे चालतं तेच शिकवायचं, म्हणजे मुलाला नोकरी लागते. सकाळी सव्वासातची फास्ट पकडणाऱ्या माणसाला 'हे सॉफ्टवेअर तुझं स्वातंत्र्य हिरावतं' असं सांगून काय उपयोग? त्याचं स्वातंत्र्य पगारातून येणार होतं. त्यात डोंबिवलीत मुक्त सॉफ्टवेअरची स्पर्धा विकतच्या सॉफ्टवेअरशी नव्हतीच. ती होती चोरून उतरवलेल्या सीडीशी, आणि तीही फुकटच वाटायची.

मधल्या वाटेनं बरंच काम झालं. २००३ मध्ये 'आकृती'वाल्या सायबरस्केप मल्टिमीडियानं नऊ भारतीय लिप्यांचे फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीनं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून घडवलेले 'लोहित' फॉन्ट जीपीएलखाली दिले. ही मॉड्युलर म्हणजेच श्रीलिपीवाली कंपनी. कुलूप बनवणाऱ्याच हातांनी मोकळं दार बनवलं, कारण कुणीतरी त्याचे पैसे दिले. पुढे प्रश्न आला, की जीपीएलचा फॉन्ट एखाद्या पुस्तकात जडवला तर पुस्तकालाही जीपीएल लागू होतो का? २०११ मध्ये 'लोहित' फॉन्टसाठीच्या ओएफएल या सोप्या परवान्यावर गेला. आदर्शाला थोडी मुरड घातली आणि वापर मोकळा झाला. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' फॉन्ट याच परवान्याखाली आला, आणि आज कितीतरी मराठी वेबसाइट तो वापरतात.

मग आदर्शवादी उगाच ओरडत होते का? मला याचं उत्तर कल्याणच्या एका संस्थेच्या कपाटात मिळालं. तिथे १९९८ ते २००४ दरम्यानच्या स्मरणिकांच्या सीडी होत्या. गावातल्या जुन्या लोकांच्या मुलाखती त्यात होत्या आणि त्यातले बरेच जण आता नाहीत. छापील प्रती पावसात गेलेल्या. फाइली उघडल्या तर ओळीच्या ओळी निरर्थक इंग्रजी अक्षरं. ते डीटीपी सेंटर बंद झालेलं, सॉफ्टवेअरची ती आवृत्ती कुणाकडे नाही.

कामाला आला तो एका अनोळखी स्वयंसेवकानं लिहून फुकट ठेवलेला कन्व्हर्टर. त्यातून मजकूर आला, पण 'कार्यकर्ते'चं 'कायर्कतेर्' झालेलं आणि 'ठिकाण'चं 'िठकाण'. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये बरोबर उलट. कन्व्हर्टरचा कोड खुला होता, म्हणून ओळखीतल्या एका मुलीनं आत शिरून तो क्रम दुरुस्त केला. बंदिस्त असता तर आम्ही कंपनीला पत्र लिहीत बसलो असतो. कोड तपासायचं आणि बदलायचं स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. एरवी ते कुणाला आठवतही नाही. कंपनी, दुकान, आवृत्ती सगळं गेल्यावर ते लागतं.

हाच धडा लिनस टोरवाल्ड्सलाही मिळाला. लिनक्सचं काम सांभाळायला त्यानं २००२ मध्ये 'बिटकीपर' हे बंदिस्त सॉफ्टवेअर घेतलं, कारण ते चांगलं होतं. स्टॉलमननं विरोध केला. २००५ मध्ये मालक कंपनीनं फुकट वापर बंद केला, आणि टोरवाल्ड्सला घाईघाईनं 'गिट' लिहावं लागलं. आज जगभरचे प्रोग्रॅमर गिटवर जगतात. पण हेही खरं, की गिट लिहिणारा माणूस व्यवहारीच होता.

तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी जीपीएलचा लिनक्स आहे, आणि वरची गूगलची ॲपं बंदिस्त. फॉन्ट बहुधा मोकळा, कीबोर्ड बहुधा नाही. स्टॉलमन याला पराभव म्हणेल, ओपन सोर्सवाले विजय. मी एवढंच बघतो, की या फोनवर मराठी लिहिता येतं आणि ते दुसऱ्या कुठल्याही फोनवर वाचता येतं. पहिली गोष्ट व्यवहारी लोकांनी केली. दुसरी टिकावी म्हणून हट्टी लोक लागतात.

तुमच्या घरात, मंडळात, शाळेत अशा जुन्या सीडी असतील तर यंदा त्या उघडून बघा. सीडीही फार वर्षं टिकत नाहीत.