तिसरी रात्र

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवाळीत आमच्या नागपूरच्या घरी चकलीच्या डब्यापेक्षा डिंकाच्या लाडवांच्या डब्याला अधिक मान होता. धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मुलगी झाली. घरात लक्ष्मी आली म्हणून आळीभर संत्राबर्फी वाटून झाली, आणि तिसऱ्या रात्री घरातले एकूण एक माणूस जागे!

बाळ टाहो फोडीत होते. छातीशी धरले की दोन ओढी घेई, तोंड फिरवी आणि पुन्हा सूर लावी. लेकीच्या डोळ्यांना धारा. "मला दूधच नाही गं आई," एवढे एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग सल्ल्यांना काय तोटा? मावशी म्हणाल्या, गुळाच्या पाण्याचा बोळा द्या. काकू म्हणाल्या, मध चाटवा. जावई बिचारे पावडरचा डबा आणायला पायांत चपला सरकवून तयार. मी पडलो पुरुषमाणूस. ओसरीवर येरझारा घालण्यापलीकडे माझा उपयोग नव्हता.

शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या नर्सबाईंना उठवून आणले. त्या नोकरीतून केव्हाच निवृत्त झालेल्या. आल्या, हात धुतले आणि लेकीच्या पाठीशी उशी सारीत म्हणाल्या, "काऊन रडून राहिली वो माय? दूध हाय. येऊन राहिलं. तू बाळाकडं वाकू नको, बाळाला तुझ्याकडं आण." त्यांनी बाळाचे पोट आईच्या पोटाला लावले, तोंड चांगले मोठे उघडेपर्यंत थांबल्या आणि नुसते बोंडूक नव्हे, तर त्याभोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात जाईल असे धरले. थोड्या वेळाने रडणे थांबले, आणि गिळण्याचा बारीकसा आवाज मला ओसरीवर ऐकू आला. जावयांनी चपला काढून ठेवल्या.

त्या रात्रीपासून एका प्रश्नाने माझ्या डोक्यात घर केले. ही तिसरी रात्र किती जुनी असेल? जुन्या पुस्तकांचा नाद असल्याने मी शोधू लागलो, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या वैद्यकाला ही रात्र चांगली ठाऊक होती. बाळंतिणीला दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर उतरते, हे सुश्रुतसंहितेत स्पष्ट लिहिले आहे. म्हणून तोवर बाळाला मध-तूप चाटवावे, असे सुश्रुताचे मत. चरकाचा कल मात्र निराळा. जातकर्म होताच बाळाला आईचा उजवा स्तन आधी द्यावा, असे तो सांगतो. म्हणजे मावशी आणि नर्सबाई यांचा वाद आमच्या घरात सुरू झालेला नव्हे. दोन संहितांमध्ये तो पूर्वीच झालेला आहे.

आजचे विज्ञान या वादात चरकाच्या बाजूने उभे राहते. सुश्रुताचे निरीक्षण खरे, पण त्यावरचा उपाय आता चालायचा नाही. वार पडल्यावर आईच्या शरीरातील एका संप्रेरकाचे प्रमाण झपाट्याने उतरते आणि मग दोन-तीन दिवसांत दूध भरभरून येऊ लागते. पहिलटकरणीला आणि शस्त्रक्रियेने बाळंत झालेलीला थोडा उशीर लागू शकतो. तोवर जो येतो तो दाट, पिवळसर चीक. तो एका वेळी चमचाभरच असतो, पण नवजात बाळाची भूकही तेवढीच. रोगाशी लढणारी द्रव्ये त्यात ठासून भरलेली असतात. मधाविषयी तर आजचे डॉक्टर निक्षून सांगतात की वर्षाच्या आतील मुलाला तो मुळीच देऊ नये. त्यातून एक दुर्मिळ पण जीवघेणा विषार होण्याची भीती असते.

आणि येथे आपल्या समाजाची एक गंमत ध्यानात येते. गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारीत खातो, शेजाऱ्याकडे वाटी धाडतो. पण बाईचा चीक तेवढा 'जड', 'शिळा' म्हणून कित्येक घरांत पिळून फेकून दिला! गाईचे वासरू मात्र कोणाला न विचारता पहिल्या तासातच आचळाशी जाते.

सुश्रुताचे दुसरे एक निरीक्षण मात्र आजही जसेच्या तसे घ्यावे असे आहे. राग, शोक आणि बाळाविषयीच्या मायेचा अभाव यांनी दूध आटते, आणि मायेनेच ते वाहू लागते, असे तो सांगतो. आपल्या भाषेने 'पान्हा फुटणे' हा शब्द घडवला तो याच अनुभवातून. बाळ ओढू लागले, किंवा नुसते रडले, की आईच्या मेंदूतून एक रस सुटतो आणि दूध पुढे ढकलले जाते. भीती, दुखणे, लाज यांनी तो रस अडतो. तेव्हा रडत्या बाळंतिणीला "तुझ्या अंगावर दूधच नाही" म्हणून हिणवणारी माणसे आपल्या हातानेच पान्हा अडवीत असतात.

अर्थात प्रत्येक वेळी धीर पुरतो असे नाही. इतिहास त्याचीही साक्ष देतो. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली. बाळाला पुरेसे दूध मिळेना. तेव्हा गडाच्या पायथ्याकडच्या कापूरहोळ गावची धाराऊ गाडे बाळराजांची दूधआई झाली. सईबाई 1659 मध्ये निवर्तल्या. स्वराज्याचा दुसरा छत्रपती एका कुणबी माउलीच्या दुधावर वाढला, हे महाराष्ट्राने विसरू नये. राजाच्या घरीसुद्धा ही अडचण येते आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नसते, हा धडा त्यात आहे. त्याच परंपरेला आधुनिक रूप आले ते 1989 मध्ये. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी उघडली. आशियातील ती पहिली. धाराऊचे काम आता बाटल्यांतून, तपासून, पाश्चराइझ करून होऊ लागले.

पण ज्या घरी ना धाराऊ ना वैद्य, तेथे काय होई? कल्याणच्या आनंदीबाई जोशी अवघ्या चौदाच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईला बाईचे वैद्यकीय साहाय्य मिळत नाही, ही सल त्यांना सातासमुद्रापार घेऊन गेली. 1886 मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. ज्या बाळंतिणीच्या खोलीने त्यांचे बाळ हिरावले, तिच्याकडेच त्या अभ्यासाने परत वळल्या. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

त्याच सुमारास, 1885 मध्ये, लेडी डफरीन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि हिंदुस्थानभर स्त्रियांची इस्पितळे निघू लागली. आमच्या नागपुरातही डफरीन इस्पितळ झाले. आज गांधीबागेतील डागा स्मृती रुग्णालय म्हणून लोक ओळखतात तेच. या इस्पितळात सुईणपण आणि शुश्रूषा शिकलेल्या एका बालविधवेने पुढे या शहराचा इतिहास बदलला. तिचे नाव कमलाबाई होस्पेट.

1896 चा जन्म, कोवळ्या वयात लग्न आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य. त्या काळी अशा मुलीपुढे स्वयंपाकघराचा कोपरा तेवढा उरे. बाळंतिणीच्या खोलीत तर विधवेची सावलीही अशुभ मानीत. आणि नेमकी तीच खोली कमलाबाईंनी आपली कर्मभूमी केली! 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्या सोबतीने त्यांनी मातृसेवा संघ स्थापन केला. सीताबर्डीवर चार खाटांचे लहानसे प्रसूतिगृह, हा त्याचा आरंभ. पुढे या रोपट्याच्या फांद्या विदर्भभर पसरल्या. 1961 मध्ये कमलाबाईंना पद्मश्री मिळाली. 1981 मध्ये त्या निवर्तल्या. ज्या हातांना समाजाने हळदीकुंकवाचा मान नाकारला, त्या हातांनी असंख्य बाळे प्रथम झेलली.

या कामाचे मोल कशात, हे मला त्या तिसऱ्या रात्री उमगले. तेल लावणे, शेगडीचा शेक देणे हे कोणीही करील. पण बाळंतिणीजवळ बसून न घाबरता, न घाबरवता बाळाचे तोंड नीट लावून देणे हे शिकावे लागते आणि शिकवावेही लागते. पूर्वी एकत्र कुटुंबात मुली हे थोरल्या बहिणींचे पाहून शिकत. बिऱ्हाडे लहान झाली तशी ही शाळा बंद पडली.

ती जागा भरून काढायला डबा टपलेलाच होता. 1865 मध्ये जर्मनीत लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने बाळांचे कृत्रिम अन्न काढले. 1867 मध्ये स्वित्झर्लंडात नेस्लेने आपले काढले. आपल्याकडे 1960 च्या सुमारास म्हशीच्या दुधापासून केलेली अमूलची पावडर बाजारात आली. आईविना पोरांना आणि खरोखरीच्या अडचणीत या डब्यांनी आधार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गुबगुबीत बाळाच्या चित्राने धडधाकट आईच्याही मनात शंका पेरली. तिसऱ्या रात्री डबा उघडला की बाळ कमी ओढते, कमी ओढले की दूध कमी बनते, आणि शंका खरी ठरते! जगभर ओरड झाल्यावर 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने या विक्रीला आचारसंहिता घालून दिली. भारताने 1992 मध्ये कायदाच केला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक केला. या लढ्यातले एक महत्त्वाचे पाऊल आमच्या शेजारीच पडले. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी देशव्यापी संघटना, बीपीएनआय, 1991 च्या डिसेंबरात वर्ध्याला जन्मली.

एवढे झाल्यावर प्रश्न सुटला म्हणावा, तर तसे नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे 79 टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली होती. 2019-21 मध्ये ती 89 टक्क्यांच्या घरात गेली. पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण 41.6 वरून 41.8 वर, म्हणजे जेथल्या तेथेच राहिले. खाटा वाढल्या, खाटेपाशी बसणारी बाई वाढली नाही, असाच याचा अर्थ मी लावतो.

तेव्हा ज्यांच्या घरी या दिवाळीत बाळंतीण असेल त्यांना नर्सबाईंचे चार शब्द सांगतो. बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. रडण्याची वाट पाहू नये. भेगा पडून दुखत असेल तर बाळ नीट लागले आहे का ते आधी पाहावे. छाती दाटून दगडासारखी झाली तर थोडे दूध हाताने काढावे, म्हणजे बाळाला पकड मिळते. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन किंचित उतरते. दोन आठवड्यांत ते भरून यावे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात दुपटी ओली होत असतील तर दूध पुरते आहे. दुपटी कोरडी, बाळ मलूल किंवा पिवळे, आईला ताप, यांपैकी काही दिसले तर मात्र सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. अशा वेळी वरचे दूध द्यावे लागले तर त्यात आईची हार नाही. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खुशाल खावेत. त्यांनी दूध वाढो न वाढो, करून घालणाऱ्याची माया पोचते, आणि तिचे महत्त्व सुश्रुतानेच सांगून ठेवले आहे.

आमची ती नात आता शाळेत जाते. गेल्या वर्षी तिने आजीला विचारले, "मी झाले तेव्हा रडले होते का गं?" आजी म्हणाली, "तू एकटी नाही, आपण सगळेच रडलो."

नर्सबाई आता नाहीत. दिवाळीचा पहिला फराळ मात्र अजून त्यांच्याच घरी जातो.