दूरचित्रवाणी ते भ्रमणध्वनी : अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा आणि प्रेक्षकाचे स्वातंत्र्य

प्रस्तावना :
क्रीडा इतिहासाच्या लेखनात खेळाडू, प्रशिक्षक व संघ यांना जे स्थान मिळाले ते प्रेक्षकाला मिळालेले नाही. सामना कोणी जिंकला याची नोंद होते. तो कोणाला, कोठे आणि कोणाच्या मर्जीने पाहता आला याची सहसा होत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, म्हणजेच एनसीएएची, 'मार्च मॅडनेस' या नावाने परिचित असलेली बास्केटबॉल स्पर्धा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. भ्रमणध्वनीवरील ॲपमुळे या स्पर्धेचा प्रेक्षक स्वतंत्र झाला, असे सर्रास म्हटले जाते. सदर विधान कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्पर्धेचा विस्तार व प्रेक्षकाची अडचण :
१९३९ च्या पहिल्या स्पर्धेत अवघे ८ संघ होते. अंतिम सामन्यात ओरेगनने ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. १९८५ मध्ये संघांची संख्या ६४ झाली आणि खरी अडचण येथून सुरू झाली. पहिल्या फेरीचे ३२ सामने गुरुवार व शुक्रवार या दोन दिवसांत, दुपारपासून रात्रीपर्यंत खेळले जात. दोन्ही दिवस कामाचे, आणि अनेक सामने एकाच वेळी चाललेले. १९९१ पासून सर्व फेऱ्यांचे प्रक्षेपण सीबीएस या एकाच वाहिनीकडे आले. कोणत्या प्रदेशाला कोणता सामना दिसावा, हे ती वाहिनी ठरवीत असे. आपल्या महाविद्यालयाचा संघ दूरच्या राज्यात खेळत असेल, तर अन्य राज्यात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्याला अनेकदा केवळ गुणसंख्येवर समाधान मानावे लागे.

२००६ मध्ये सीबीएसने हे सामने इंटरनेटवर विनामूल्य दाखविण्यास प्रारंभ केला. या सेवेतील 'बॉस बटन' मोठे बोलके आहे. ते दाबताच पडद्यावरील सामना लुप्त होऊन हिशेबाच्या तक्त्यासारखे चित्र उमटे. प्रेक्षक कार्यालयात बसून सामना पाहत आहे, हे प्रक्षेपकानेच गृहीत धरले होते! २००९ पासून ही सेवा आयफोनवरही आली.

ॲप की करार?
तथापि सर्व सामने प्रेक्षकाच्या आवाक्यात आले ते केवळ ॲपमुळे नव्हे. २०१० मध्ये सीबीएस व टर्नर या कंपन्यांनी एनसीएएशी १४ वर्षांचा, १०.८ अब्ज डॉलरचा करार केला आणि २०११ पासून प्रत्येक सामना चारपैकी एका वाहिनीवर संपूर्ण देशभर दिसू लागला. म्हणजे सामन्याची निवड कराराने दिली. जागेची निवड तेवढी ॲपने दिली. तीही फार काळ बिनशर्त राहिली नाही. २०१३ पासून टर्नरच्या वाहिन्यांवरील सामने ॲपवर पूर्ण पाहण्यासाठी केबल वा उपग्रह सेवेचा ग्राहक असणे आवश्यक ठरले. प्रदेशाची अट गेली, वर्गणीची आली.

महिलांच्या स्पर्धेचा विचार येथे टाळता येणार नाही. एनसीएएची महिला स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. परंतु 'मार्च मॅडनेस' हे नाव २०२२ पर्यंत पुरुषांच्याच स्पर्धेसाठी वापरले गेले. हा बदल घडण्यामागेही भ्रमणध्वनी आहे, मात्र ॲप म्हणून नव्हे, कॅमेरा म्हणून. २०२१ मध्ये सॅन अँटोनिओ येथे महिला खेळाडूंना व्यायामासाठी डंबेल्सची एक छोटी मांडणी देण्यात आली होती, तर इंडियानापोलिसमध्ये पुरुषांसाठी सुसज्ज व्यायामशाळा होती. ओरेगनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने हे दृश्य भ्रमणध्वनीवर चित्रित करून प्रसारित केले आणि एनसीएएला चौकशी नेमावी लागली.

२०२४ मध्ये साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा हा महिलांचा अंतिम सामना सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी पाहिला. पुरुषांचा सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. आयोवाच्या केटलिन क्लार्कची लोकप्रियता हे त्याचे मोठे कारण होय. परंतु महिलांचा सामना एबीसी या विनामूल्य दिसणाऱ्या वाहिनीवर होता आणि पुरुषांचा वर्गणीच्या वाहिन्यांवर, ही बाबही नोंदविली पाहिजे.