पुढच्यास ठेच

२००० साली आपण इथे राहायला आलो, तेव्हा नोटीस बोर्डावर लागलेली पहिली सूचना मला आठवते : 'दागिने चमकवून देणाऱ्यांना दार उघडू नये.' ए विंगमधल्या एका वहिनींच्या बांगड्या पॉलिश होऊन आल्या त्या हलक्या होऊनच. मग वॉचमन आला, रजिस्टर आलं, सेफ्टी डोअर बसले. आपण निर्धास्त झालो.

तिकडे अमेरिकेत १९९०च्या दशकातच 'फिशिंग' हा शब्द निघाला होता. एओएल या इंटरनेट कंपनीची माणसं असल्याचं भासवून भामटे ग्राहकांचे पासवर्ड काढून घेत. युक्ती दागिनेवाल्याचीच, फक्त दार वाजवायची गरज नाही.

२०१६ साली यूपीआय आलं, नोटबंदी झाली आणि आपलं पाकीट मोबाईलमध्ये गेलं. २०२२ मध्ये मला मेसेज आला : 'बिल न भरल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. या नंबरवर फोन करा.' बिल तर भरलं होतं! तरी घाबरून फोन केला. पलीकडच्याने सांगितलेलं ॲप घेतलं, दहा रुपये भरले. माझी स्क्रीन त्याला दिसत होती. ४८ हजार गेले.

तीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस मी. लाज वाटली, गप्प बसलो. आठच दिवसांत बी विंगमधल्या काकूंना तोच मेसेज आला. त्यांचे २२ हजार गेले. मी बोललो असतो तर ते वाचले असते, ही बोच अजून आहे.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' म्हणतात. पण पुढच्याने ठेच लागल्याचं सांगायला तर हवं ना! त्या गणपतीत आरतीनंतर मी सगळं सांगितलं. मग आणखी चौघं बोलले. तेव्हापासून नियम ठरले : मेसेजमधल्या नंबरवर नाही, बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलात तर ताबडतोब १९३०वर कळवायचं. वेळेत कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येतात.

२०२४ मध्ये सी विंगमधल्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर 'पोलीस' म्हणाले, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कुणाशी बोलू नका. अशी अटक कायद्यात नाहीच. आजोबांनी फोन ठेवला आणि सरळ माझी बेल वाजवली.

पंचवीस वर्षांत आपण कमावलेलं खरं सेफ्टी डोअर हेच.