पिवळे वेष्टन आणि भरलेले ताट : इटालियन रहस्यकथेतील भोजनाविषयी

इटालियन भाषेत रहस्यकथेला ‘जाल्लो’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच : पिवळा. मिलानच्या मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ मध्ये पिवळ्या वेष्टनाची एक कथामाला सुरू केली आणि वेष्टनाचा रंग हेच पुढे संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे नाव झाले. (मराठीत ‘पिवळे पुस्तक’ म्हटले की भलताच वाङ्मयप्रकार डोळ्यांसमोर येतो, तो येथे अभिप्रेत नाही.) मालेचा आरंभ एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीने झाला. पहिला इटालियन लेखक, अलेस्सांद्रो वाराल्दो, तीत आला तो १९३१ मध्ये. हा प्रकार परका आहे, इटालियन मातीत तो रुजणार नाही, असा आक्षेप त्यामुळे प्रारंभापासूनच त्याच्या पाठीशी लागला.

फॅसिस्ट राजवटीच्या दृष्टीने हा आक्षेप केवळ वाङ्मयीन नव्हता. शिस्तबद्ध राष्ट्राच्या शहरांत खून होतात आणि ते उकलताना पोलिसांनाही चाचपडावे लागते, हे कथेतून मान्य करणेच तिला अडचणीचे होते. मोंदादोरीची माला १९४१ मध्ये बंद पडली. मिलानमधील दे विन्चेन्झी या पोलीस अधिकाऱ्याच्या कथा लिहिणारे आउगुस्तो दे आंजेलिस यांना १९४३ मध्ये तुरुंगवास घडला. सुटकेनंतर एका फॅसिस्टाने केलेल्या मारहाणीतून ते सावरले नाहीत आणि १९४४ मध्ये मरण पावले.

याच काळात दुसरा एक खटला जेवणाच्या टेबलावर चालू होता. भविष्यवादी कवी फिलिप्पो तोम्माझो मारिनेत्ती यांनी डिसेंबर १९३० मध्ये तूरिनच्या एका दैनिकात पाककलेचा जाहीरनामा प्रसिद्ध करून पास्ता हद्दपार करण्याची मागणी केली. पास्त्याने माणूस जड, आळशी आणि निराशावादी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. राजवटीने १९२५ पासून आरंभलेल्या ‘गव्हाच्या लढाई’ची पार्श्वभूमी त्याला होती : परदेशी गव्हावरचे अवलंबन घटले पाहिजे, आणि पास्त्याऐवजी देशी तांदूळ खाल्ला तर तेही साधेल. कर्बोदकांविरुद्धची ही मोहीम आरोग्याच्या नव्हे, पौरुषाच्या आणि युद्धसिद्धतेच्या भाषेत बोलत होती. रहस्यकथा परकी म्हणून आणि पास्ता फारच घरचा म्हणून, असे दोघेही एकाच दशकात ‘खरा इटालियन कोण’ या प्रश्नाच्या पिंजऱ्यात उभे राहिले. मारिनेत्तींची मोहीम बहुधा हास्यविषय ठरली, हे वेगळे.

युद्धोत्तर काळात हा प्रकार ज्यांनी खऱ्या अर्थाने आपलासा केला, त्यांनी त्याचा शेवटच काढून घेतला. कार्लो एमिलिओ गाद्दा यांची रोममधील व्हिया मेरुलाना या रस्त्यावरच्या खुनाची कादंबरी (१९५७) फॅसिस्ट काळातील १९२७ या वर्षात घडते. तिचा नायक इंग्राव्हाल्लो याला आपण ज्या घरी जेवलो त्याच घरच्या गृहिणीच्या खुनाचा तपास करावा लागतो, आणि खुनी कोण हे नि:संदिग्धपणे न सांगताच कादंबरी थांबते. लेओनार्दो शाशा यांच्या सिसिलीत सत्य सापडते, पण न्याय मिळत नाही : १९६१ च्या कादंबरीत पार्मा या उत्तरेकडील गावाहून आलेला कॅप्टन बेल्लोदी माफियाविरुद्ध उभारलेला खटला कोसळताना पाहतो, तर १९६६ च्या कादंबरीतील प्राध्यापक लाउराना सत्याजवळ पोचल्यामुळेच मारला जातो.

आंद्रेआ कामिल्लेरी (१९२५–२०१९) यांनी हाच संशयवाद वारशाने घेतला आणि त्यापुढे ताट वाढले. पालेर्मोच्या सेल्लेरिओ प्रकाशनाने गडद निळ्या वेष्टनात १९९४ मध्ये काढलेल्या ‘ला फोर्मा देल्लाक्वा’ या कादंबरीपासून साल्वो मोंताल्बानो हा अधिकारी अवतरला. त्याचे आडनाव म्हणजे बार्सिलोनाच्या मान्वेल व्हास्केस मोंताल्बान या लेखकाला केलेले अभिवादन. त्यांचा गुप्तहेर पेपे कार्व्हाल्यो हाही खवय्याच. मेग्रेच्या कथांवरील इटालियन दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मितीत कामिल्लेरी स्वत: होते, तेव्हा जेवणारा पोलीस त्यांना जवळून परिचित होता. मात्र मेग्रेला घरचे वाढणारी पत्नी आहे. मोंताल्बानोची प्रेयसी लिव्हिया दूर जेनोव्हाजवळ राहते आणि त्याला खाऊ घालते ती आदेलीना ही कामवाली. जेवताना त्याला बोललेले खपत नाही. जेवण झाले की तो धक्क्यावरून चालत दीपगृहाखालच्या खडकापर्यंत जातो. पचन आणि अनुमान ही दोन्ही कामे त्या खडकावर एकदमच चालतात.

या संदर्भात १९९९ च्या कथासंग्रहाला नाव देणारी आरांचीनीची कथा विशेष लक्षणीय आहे. आरांचीनी म्हणजे मांस, वाटाणे भरून तळलेले भाताचे गोळे. वर्षाच्या अखेरच्या रात्री लिव्हियाला पॅरिस हवे असते, मोंताल्बानोला आदेलीनाच्या घरची आरांचीनी. अडचण अशी की आदेलीनाची मुले भुरटे गुन्हेगार, आणि त्यांपैकी एक ऐन वेळी पोलिसांना हवा आहे. पंगतीला निश्चिंत मनाने बसायचे तर त्याचे निर्दोषत्व आधी सिद्ध झाले पाहिजे. भुकेने न्यायाला असे कामाला लावल्याचे उदाहरण या वाङ्मयप्रकारात विरळाच. कथेत पाककृतीही येते, आणि तिच्यातील भातात केशराला सक्त मनाई आहे. गाद्दा यांनी १९५९ मध्ये मिलानच्या केशरी रिसोत्तोची कृती साभिमान लिहिली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मनाईतला दक्षिणेचा टोमणा ऐकू येईल.

भोजनामुळे शाशांचा कडवटपणा बोथट झाला, असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. दूरचित्रवाणी मालिकेच्या (१९९९ पासून) प्रेक्षकाला सिसिलीतील समुद्र आणि मासळी आठवते, सुटलेले गुन्हेगार नव्हे. परंतु मूळ संहितेत चांगले जेवण हे बहुधा न्यायाच्या जागी येते, न्यायानंतर नव्हे. जे राज्यसंस्था देऊ शकत नाही त्याची भरपाई करण्याचा दावा ते करीत नाही.

अमेरिकेत ॲटकिन्स यांच्या १९७२ च्या पुस्तकानंतर फोफावलेल्या अल्पकर्बोदक आहाराच्या दृष्टीने हे वाचणाराही उपाशी राहत नाही. इटालियन जेवणात पास्ता-भाताचा पहिला क्रम आणि मासे-मांसाचा दुसरा क्रम वेगळे असतात. पहिला वगळला तरी तांबूस खडकमासे, कोवळे ऑक्टोपस, वांग्याची कापोनाता उरतेच. या वाचकाचे मारिनेत्तींशी नाते जोडणे अन्यायाचे होईल, त्याची चिंता रक्तशर्करेची आहे. अडतो तो आरांचीनीपाशी. भाताऐवजी फुलकोबीचा कीस वापरता येतो, पण मग अरबांनी सिसिलीत आणला असे मानले जाते तो तांदूळही त्यातून जातो आणि केशराचे भांडणही. शिवाय मोंताल्बानोचा आनंद आखलेल्या आहाराचा नसतोच. रात्री घरी आल्यावर आदेलीनाने काय करून ठेवले आहे हे त्याला ठाऊक नसते. तो आधी शीतकपाट उघडतो आणि तिथे काही नसले, तर भट्टी.